किमान वेतन वाढविल्यानें काय होतें ?

अंगमेहनत करणाऱ्या माणसाला दिवसाकाठीं निदान अमुक इतकी मजुरी मिळालीच पाहिजे, असा दंडक सरकारनें घालून द्यावा कीं नाहीं, ह्या प्रश्नाचा खल गेलीं शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे. दंडक असावा असें म्हणणारांच्या तोंडीं न्यायाची भाषा असते, नसावा असें म्हणणारांच्या तोंडीं हिशेबाची. परंतु मौज अशी कीं, दोन्ही पक्ष एकाच माणसाची बाजू घेऊन भांडत असतात. पहिला म्हणतो, दर वाढला नाहीं तर गरीब मजूर उपाशी राहील. दुसरा म्हणतो, दर वाढला तर त्याच गरीब मजुराला काम मिळणार नाहीं. दोघांपैकीं खरें कोणाचें, हें केवळ तर्कानें ठरण्यासारखें नाहीं. जेथें जेथें हा प्रयोग झाला, तेथें तेथें काय घडलें, तें पाहूनच त्याचा निवाडा केला पाहिजे.

हा प्रयोग प्रथम झाला तो दक्षिण गोलार्धांत. न्यूझीलंडनें १८९४ सालीं लवाद-न्यायालयांना मजुरीचे दर ठरविण्याचा अधिकार दिला, व ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें १८९६ सालीं निरनिराळ्या धंद्यांसाठीं वेतनमंडळें स्थापण्याचा कायदा केला. पुढें १९०७ सालीं ऑस्ट्रेलियांतील न्यायमूर्ति हिगिन्स ह्यांच्यापुढें शेतीचीं यंत्रें बनविणाऱ्या एका कारखान्याचें प्रकरण आलें. रास्त वेतन कशाला म्हणावें, हा मुद्दा होता. न्यायमूर्तींनीं कारखान्याच्या नफ्याच्या वह्या बाजूस ठेवल्या आणि मजुरांच्या बायकांकडून घरखर्चाचा हिशेब ऐकून घेतला. भाडें किती, सरपण किती, पाव आणि मांस किती, हें सर्व पाहून सुमारें पांच माणसांच्या कुटुंबाला काटकसरीनें, पण माणसाप्रमाणें राहण्यास दिवसाला निदान ७ शिलिंग पाहिजेत, असा त्यांनीं निर्णय दिला. मजुरीचा प्रश्न बाजारांतून उचलून स्वयंपाकघरांत नेऊन ठेवण्याचा हा प्रकार त्या काळीं अनेकांना विलक्षण वाटला.

ह्यावर पूर्वपक्ष उभा राहिला तो अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांचें म्हणणें सोपें आहे आणि तें हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. भाजीचा भाव दुप्पट झाला म्हणजे गृहिणी थोडी कमी भाजी घेते. त्याचप्रमाणें श्रमाचा भाव वाढला म्हणजे मालक कमी माणसें ठेवील, यंत्र आणील, किंवा धंदाच गुंडाळील. ज्याच्या कामापासून मालकाला दिवसाला शंभर रुपयांचा लाभ होतो, त्याला दीडशें रुपये द्या असें सांगितल्यानें त्याचें काम दीडशें रुपयांचें होत नाहीं, त्याचें नांव तेवढें हजेरीपटावरून जातें. आणि प्रथम काढला जातो तो कोण ? तर जो अडाणी, अननुभवी, वयानें लहान किंवा थकलेला, तोच. म्हणजे कायदा ज्याच्यासाठीं केला तोच. अमेरिकेंतील जॉर्ज स्टिग्लर ह्यांनीं १९४६ सालीं एका लेखांत हाच युक्तिवाद मांडला, आणि पुढें कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांतून तो सिद्धांतासारखा शिकविला गेला.

ह्या युक्तिवादाची कसोटी मात्र त्याच्या पूर्वींच एका लहानशा गांवांत होऊन गेली होती. इंग्लंडच्या मध्यभागांत, बर्मिंगहॅमपासून जवळच, क्रॅडली हीथ नांवाचें एक गांव आहे. तेथील शेंकडों बायका घराच्या परसांतल्या झोंपडीवजा लोहारशाळेंत लोखंडाच्या साखळ्या घडवीत असत. एका हातानें भाता ओढावा, लाल झालेली सळई ऐरणीवर धरून वांकवावी, हातोड्यानें सांधा जुळवावा, आणि जवळच खोक्यांत निजलेल्या मुलाकडे मधून मधून पाहावें, असा त्यांचा दिवस जाई. सळया आणून देणारा व तयार साखळ्या नेणारा एक अडत्या असे. मजुरीचा दर तोच सांगे. त्या बायकांना घर सोडून दुसऱ्या गांवीं जाणें शक्य नव्हतें, आणि त्या गांवांत दुसरें कामही नव्हतें.

१९०९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें चार हलाखीच्या धंद्यांसाठीं वेतनमंडळांचा कायदा केला, त्यांत हा साखळ्यांचा धंदा होता. मंडळानें ह्या बायकांसाठीं तासाला अडीच पेन्स असा किमान दर ठरविला. आठवड्याच्या ५४ तासांस तो सुमारें ११ शिलिंग पडे, आणि पुष्कळ बायकांना तोंपर्यंत ह्याच्या निम्मेंच मिळत असे. परंतु कायद्यांत एक पळवाट होती. मजुरानें लेखी संमति दिल्यास मालकाला कांहीं महिने जुनाच दर चालू ठेवतां येत होता. मालकांनीं कागद पुढें केले, आणि ज्यांना वाचतां येत नव्हतें अशा अनेकींनीं त्यांवर फुल्या मारल्या. कागदावर काय आहे हें कळल्यावर मात्र १९१० च्या उन्हाळ्यांत मेरी मॅकार्थर ह्या कामगार-पुढारी बाईंच्या नेतृत्वाखालीं शेंकडों बायकांनीं हातोडे खालीं ठेवले. दहा आठवडे संप चालला. देशभरांतून जवळजवळ चार हजार पौंडांची मदत आली, आणि ऑक्टोबरांत शेवटच्या मालकानेंही नवा दर मान्य केला. निधींतून उरलेल्या पैशांत त्या गांवीं कामगारांसाठीं एक सभागृह बांधण्यांत आलें.

पूर्वपक्षाच्या भाकिताप्रमाणें आतां धंदा बसावयास हवा होता. आर्. एच्. टॉनी ह्या विद्वानांनीं ह्या धंद्याची पाहणी करून १९१४ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. धंदा बुडाल्याचें किंवा मोठी बेकारी आल्याचें त्यांना आढळलें नाहीं. मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, तरी साखळ्या घडतच राहिल्या. असें कां व्हावें ?

ह्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. भाजीच्या बाजारांत विकणारे पुष्कळ व घेणारेही पुष्कळ असतात, म्हणून भाव दोघांच्या ओढाताणींतून ठरतो. श्रमाच्या बाजारांत बहुधा विकणारे पुष्कळ आणि घेणारा एकटा, किंवा घेणारे थोडे व एकमेकांशीं मिळून असलेले, अशी स्थिति असते. शहरांतील एखाद्या इमारतींत धुण्याभांड्यांचा दर कसा ठरतो, हें पाहावें. नवी बिऱ्हाडकरीण शेजारणीला विचारते, 'तुमच्याकडे काय देतां ?' शेजारीण आंकडा सांगते, आणि तोच त्या इमारतीचा भाव होतो. सभा भरत नाहीं, ठराव होत नाहीं. तरी काम करणाऱ्या बाईला मात्र वीस दारें वाजविलीं तरी एकच भाव ऐकूं येतो.

जोन रॉबिन्सन ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं १९३३ सालीं ह्या गोष्टीला शास्त्राचें रूप दिलें. एकट्या मालकाला आणखी एक मजूर हवा असेल, तर त्यासाठीं दर थोडा चढवावा लागतो. परंतु तो चढविला कीं आधींच्या सर्व मजुरांनाही तोच द्यावा लागतो. म्हणून तो माणसेंही कमी ठेवतो आणि दरही कमी ठेवतो. कायद्यानें दर एकदां वरच्या पातळीवर बांधून दिला, म्हणजे दर चढेल ह्या भीतीनें माणसें कमी ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. अशा ठिकाणीं मजुरी वाढूनही रोजगार घटत नाहीं, कधीं कधीं वाढतोही. क्रॅडली हीथच्या अडत्यांजवळ दर दाबून धरण्याची जी शक्ति होती, तिच्यांतून ती वाढ निघाली; बायकांच्या रोजगारांतून निघाली नाहीं.

हा विचार पुढें बराच काळ पुस्तकांतच राहिला. त्याला पुन्हां जोर आला तो अमेरिकेंत. न्यू जर्सी संस्थानानें १ एप्रिल १९९२ पासून किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलें. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियांत तें होतें तेवढेंच राहिलें. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ४१० उपाहारगृहांची वाढीच्या आधीं व नंतर अशी दोनदां पाहणी केली. त्यांना न्यू जर्सींत नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहींत. खाद्यपदार्थांचे भाव मात्र कांहींसे चढलेले आढळले. १९९४ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध होतांच मोठें वादळ उठलें. डेव्हिड न्यूमार्क व विल्यम वॉशर ह्यांनीं पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला. त्यावर कार्ड व क्रूगर ह्यांनीं सरकारी नोंदी घेऊन २००० सालीं पुन्हां हिशेब मांडला, आणि परिणाम झालाच असेल तर तो अगदीं थोडा, असें दाखविलें. क्रूगर २०१९ सालीं वारले. कार्ड ह्यांना २०२१ सालीं ज्या कार्यासाठीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, त्यांत ह्या अभ्यासाचा समावेश होता. ब्रिटननें १९९९ सालीं तासाला ३.६० पौंड आणि जर्मनीनें २०१५ सालीं ८.५० युरो असे देशव्यापी दर बांधले; तेथेंही भाकीत केलेली मोठी बेकारी आली नाहीं.

येथवर आलेल्या माणसास वाटेल कीं, उत्तरपक्षानें बाजी मारली; आतां दर हवा तितका वाढवावा. परंतु इतिहासाचें दुसरेंही पान आहे, आणि तें वाचल्याशिवाय निकाल देणें न्याय्य होणार नाहीं.

अमेरिकेनें १९३८ सालीं तासाला २५ सेंट हा पहिला देशव्यापी दर बांधला, तेव्हां तो आपल्या ताब्यांतील पोर्टो रिको ह्या गरीब बेटालाही लावला. तेथें हजारों बायका घरबसल्या रुमालांवर व कपड्यांवर भरतकाम करीत, आणि त्यांची कमाई तासाला कांहीं थोडे सेंट एवढीच होती. मुख्य देशांतील कारखान्याला जी एक पायरी होती, ती ह्या बायकांच्या धंद्याला एक कडा ठरली. काम देणाऱ्यांनीं काम देणें बंद केलें, आणि १९४० सालीं अमेरिकन काँग्रेसला कायदा बदलून त्या बेटासाठीं धंद्यागणिक निराळे दर ठरविण्याची सोय करावी लागली. साखळ्या घडविणाऱ्या बायकांना जो कायदा तारक झाला, त्याच जातीचा कायदा भरतकाम करणाऱ्या बायकांना मारक झाला. दोघी सारख्याच गरीब होत्या. फरक होता तो उडीच्या उंचींत, आणि देणाऱ्याच्या हातीं दर दाबण्याची शक्ति किती होती ह्यांत.

ह्याहूनही बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें, आणि तेथें देणारा मालक नफेखोर कारखानदार नव्हता, तर खुद्द सरकार होतें. १९७२-७३ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या खेडोपाडीं रोजगार हमीचीं कामें निघालीं. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून आलेल्या ह्या योजनेला १९७७ सालच्या कायद्यानें हक्काचें स्वरूप दिलें. गांवांतील जो कोणी अंगमेहनतीचें काम मागेल, त्याला तें सरकारनें दिलें पाहिजे, असा हा हक्क होता. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणें अशीं तीं कामें असत. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर मिळे, आणि त्या मापाचे दर असे बांधलेले होते कीं साधारण माणसानें सात तास नेटानें काम केल्यास शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी कमाई व्हावी. खर्चाचा मोठा भाग शहरांतून येई. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या वेतनांतून कापला जाणारा व्यवसाय कर ह्याच योजनेसाठीं बसविलेला होता.

१९८८ सालीं महाराष्ट्रांत शेतमजुरीचे किमान दर दुप्पट करण्यांत आले, आणि त्याबरोबर रोजगार हमीचे दरही दुप्पट झाले. न्यायाच्या दृष्टीनें पाहतां ह्यांत गैर असें कांहींच नव्हतें. जुना दर इतका अपुरा होता कीं, ज्याला दुसरा कसलाही आधार नाहीं असाच माणूस त्या कामावर येई. परंतु पुढें घडलें तें असें कीं, कामावरील मनुष्यदिवस एकदम घटले. त्या वर्षीं पाऊस चांगला झाला होता, त्यामुळें कांहीं घट स्वाभाविक होती. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं पावसाचा हिशेब वेगळा काढून पाहिला, आणि १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें कीं, घट केवळ पावसानें झालेली नव्हती. दर वाढल्यामुळें काम मागणारे वाढावयास हवे होते. काम मात्र त्या मानानें निघालें नाहीं. कायद्यांतील हमीचा शब्द कायम राहिला, पण तिच्या आधारावर विसंबणाऱ्यांपैकीं कांहींना तें काम मिळेनासें झालें.

हें उदाहरण दोन्ही पक्षांना अडचणींत टाकतें. दर वाढविल्यानें रोजगार कधींच घटत नाहीं, असें म्हणणारांना तें खोटें पाडतें. पण ही घट बाजाराच्या अटळ नियमानें झाली, असेंही म्हणतां येत नाहीं. कारण येथें बाजार नव्हताच. दर दुप्पट करतांना त्या मानानें पैसाही वाढवावा लागतो आणि कामेंही काढावीं लागतात, ह्या साध्या हिशेबाकडे जें दुर्लक्ष झालें, त्याची किंमत कामावर नांव न लागलेल्या माणसानें मोजली. ज्यांना काम मिळालें त्यांच्या हातीं दुप्पट पैसे आले, हेंही तितकेंच खरें. पण त्यांचीं नांवें हजेरीपटावर दिसतात. ज्यांना परत जावें लागलें त्यांची नोंद कोणत्याच पटावर नसते. किमान वेतनाचा परिणाम मोजणाऱ्यानें ह्या न दिसणाऱ्या माणसालाही मोजलें पाहिजे.

मग देणाऱ्याची ऐपत पाहूनच दर ठरवावा काय ? ह्या प्रश्नाला भारतीय कायद्यानें स्पष्ट उत्तर दिलें आहे. मध्यवर्ती कायदेमंडळांत किमान वेतनाचें विधेयक १९४६ सालीं मांडलें तें मजूरमंत्री या नात्यानें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं, आणि १९४८ सालीं त्याचा कायदा झाला. १९५७ सालच्या श्रमपरिषदेनें त्याला मोजमाप दिलें. मिळवता, त्याची बायको व दोन मुलें ह्यांचा आहार तीन प्रौढांच्या आहाराइतका धरावा, प्रौढास दररोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठीं ७२ वार कापड, घरभाडें, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठीं एकूण वेतनाचा पांचवा हिस्सा. मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण ह्यांसाठीं आणखी २५ टक्के धरावे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं सांगितलें. केरळांतील कौलांच्या कारखानदारांनीं १९६१ सालीं ह्याच न्यायालयापुढें गाऱ्हाणें मांडलें कीं, ठरविलेला दर धंद्याला झेपणारा नाहीं. न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांनीं निकाल दिला कीं, किमान वेतन ठरवितांना मालकाच्या ऐपतीचा विचार अप्रस्तुत आहे. जो धंदा मजुराला जगण्यापुरतेंही देऊं शकत नाहीं, त्याला चालण्याचा हक्क सांगतां येत नाहीं.

हा निकाल कठोर आहे, पण त्यामागील विचार खोल आहे. जगण्यापुरतें न देणारा धंदा वस्तुतः स्वस्त नसतो. त्याच्या खर्चाचा एक भाग मजुराची बायको उपास करून देते, एक भाग शाळेंतून काढलेलें मूल देतें, आणि उरलेला धर्मादाय दवाखाना देतो. मालाच्या किंमतींत तो दिसत नाहीं इतकेंच. १९८२ सालीं दिल्लींत एशियाई क्रीडांसाठीं चाललेल्या बांधकामांविषयींच्या खटल्यांत न्यायालयानें ह्याही पुढें जाऊन सांगितलें कीं, किमान वेतनाहून कमी दरानें काम करून घेणें ही वेठबिगारच आहे. आणि १९८३ सालीं राजस्थानांतील दुष्काळी कामांनाही तोच न्याय लावला. संसदेनें २०१९ सालीं केलेली वेतनसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली असून तिनें १९४८ च्या कायद्याची जागा घेतली आहे. कांहीं ठराविक धंद्यांपुरतें असलेलें किमान वेतन आतां सर्व नोकऱ्यांना लागू करावें, असा तिचा उद्देश आहे.

पोर्टो रिको येथील अनुभव व न्यायमूर्ति गजेंद्रगडकरांचा निकाल ह्यांचा मेळ कसा घालावा ? मेळ आहे तो असा. दराचा तळ कोठें असावा, हें माणसाच्या गरजेवरून ठरवावें. ह्यांत न्यायालयाचें म्हणणें बरोबर आहे. त्या तळापर्यंत किती पायऱ्यांनीं जावयाचें, आणि ज्यांचें काम त्यामुळें जाईल त्यांच्या हाताला दुसरें कोणतें काम द्यावयाचें, हें मात्र धंद्याची स्थिति पाहूनच ठरवावें लागतें. ह्यांत अर्थशास्त्रज्ञांचें म्हणणें बरोबर आहे. ब्रिटननें १९९९ नंतर ज्या मंडळाच्या सल्ल्यानें दर वाढवीत नेला, त्यांत मालकांच्या, कामगारांच्या व तज्ज्ञांच्या बाजूचे मिळून नऊ जण असतात, आणि प्रत्येक वाढीपूर्वीं मागील वाढीचें काय झालें हें तपासलें जातें. महाराष्ट्राच्या १९८८ च्या वाढीला अशा तपासणीची जोड असती, तर कामें आणि पैसा हे दोन्ही दराबरोबर वाढविण्याची आठवण वेळींच झाली असती.

सारांश, किमान वेतन वाढविल्यानें काय होतें, ह्या प्रश्नाला सर्व ठिकाणीं लागू पडेल असें एकच उत्तर नाहीं. परंतु उत्तर देण्यापूर्वीं विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. आजवरचा दर कोणी दाबून ठेवला होता काय ? नवी उडी किती उंच आहे ? आणि वाढीचा भार नफ्यांतून, गिऱ्हाइकाच्या खिशांतून कीं दुसऱ्या मजुराच्या रोजगारांतून भरला जाणार आहे ? गिऱ्हाइकाच्या खिशांतून भरला गेला, तर शहरांतील सुखवस्तु घराला हॉटेलांतील बिल किंवा कपड्याची किंमत थोडी अधिक द्यावी लागेल. ती कुरकुर न करतां देण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच मजुरांच्या बाजूनें न्यायाची भाषा बोलण्याचा अधिकार आहे. आणि हा हिशेब कायद्याची वाट न पाहतांही सुरू करतां येतो. पुढच्या वेळीं बिऱ्हाडांतल्या बाईचा दर ठरवितांना शेजारीण काय देते हें विचारण्याआधीं, त्या बाईचें घर किती पैशांत चालतें, हें एकदां तिलाच विचारून पाहावें. न्यायमूर्ति हिगिन्स ह्यांनीं १९०७ सालीं ह्याहून निराळें कांहीं विचारलें नव्हतें.